जुन्या गाडीतील पेट्रोलचा वास : उगम एकीकडे, वाट दुसरीकडे

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गाडी २००४ साली नोंदवलेली, पेट्रोलवर चालणारी पाच दरवाजांची छोटी हॅचबॅक आहे. इंजिन मल्टिपॉइंट इंजेक्शनचे, पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली, पंप टाकीच्या आत आणि टाकी भरण्याचे तोंड डाव्या बाजूला मागच्या चाकाच्या वर, अशी तिची साधी रचना आहे. पहिल्या मालकाने ती पुण्यात अनेक वर्षे सीएनजी किट बसवून वापरली. २०२२ मध्ये ती विकताना किट आणि डिकीतील सिलिंडर काढण्यात आला आणि आरसी बुकातील सीएनजीची नोंदही रद्द करून घेण्यात आली. गाडी घेणारे सध्याचे मालक साताऱ्यातील निवृत्त शिक्षक आहेत. २०२४ मध्ये त्यांनी पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले होते. गाडी आणखी काही वर्षे वापरायची हे त्यांचे ठरलेले होते आणि पुढच्या निर्णयांवर या गोष्टीचा परिणाम झाला.

गाडीचा वापर बहुतांशी शहरातला. आठवड्यातून एखाद्या वेळी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला असलेल्या गावी जाणे होई. त्या वेळी मागच्या सीटवर त्यांची शाळकरी नात असे.

तक्रार

२०२५ च्या उन्हाळ्यात गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला. सुरुवातीला तो अधूनमधून येई, नंतर घाटात हमखास येऊ लागला. नातीला मळमळ होऊ लागली आणि तिने मागे बसायला नकार दिला, तेव्हा घरच्यांनी ही बाब मनावर घेतली. मालकांना स्वतःला वास फारसा जाणवत नव्हता. गाडीत बसून काही मिनिटे झाली की नाकाला त्या वासाची सवय होते आणि रोज गाडी चालवणाऱ्याला तर ती लवकर होते. म्हणून अशा तक्रारीत रोजच्या चालकापेक्षा कधीतरी गाडीत बसणाऱ्या माणसाचे म्हणणे अधिक विश्वासार्ह धरावे.

येथे धोक्याचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. पेट्रोलची वाफ हवेत सुमारे दीड टक्का झाली की ती पेट घेऊ शकते, तर माणसाच्या नाकाला तिचा वास त्याच्या कितीतरी हजारपट कमी प्रमाणात कळतो. त्यामुळे वास आला म्हणजे लगेच भडका उडेल असे नाही. परंतु वास आला म्हणजे बंदिस्त असायला हवे असलेले इंधन कुठून तरी बाहेर पडते आहे, हे मात्र निश्चित. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती वर उडून न जाता फरशीलगत, खोलगट जागी साचते. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझीन असते. आपल्याकडील मानकांनुसार त्याची मर्यादा आकारमानाने एक टक्का आहे आणि ते कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झालेले आहे. लहान मुलाला अशा हवेत तासभर बसवणे कोणत्याही कारणाने योग्य ठरत नाही.

आधी झालेले उपाय

मालक प्रथम घराजवळच्या गॅरेजमध्ये गेले. तेथे बॉनेट उघडून पाहण्यात आले, इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या ओ-रिंगा (रबरी कड्या) बदलल्या, थ्रॉटल बॉडी साफ केली आणि टाकीचे झाकण नवे दिले. वास दोन-चार दिवस कमी वाटला आणि पुन्हा आला. दुसऱ्या खेपेला त्यांना सांगण्यात आले, ‘‘सर, गाडी जुनी आहे, त्यात आता सगळीकडे इथेनॉलचं पेट्रोल. थोडा वास येणारच.’’ सोबत डॅशबोर्डवर ठेवायची सुगंधी डबी देण्यात आली.

या उत्तरातील इथेनॉलचा भाग अगदीच निराधार नव्हता. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने सर्वत्र मिळू लागले आणि जुन्या गाड्यांमधील काही रबरी भाग व गॅस्केटे वेळेआधी बदलावी लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केले आहे. पण रबर खराब झाले असेल, तर कोणते आणि कुठले हे शोधणे हेच गॅरेजचे काम असते. ‘वास येणारच’ हे निदान नव्हे. सुगंधी डबीने तर नुकसानच केले, कारण वास कमी झाला की वाढला हे ओळखण्याचे एकमेव साधन त्यामुळे बोथट झाले.

माझ्यासमोर असलेले पर्याय

मी मोटार मेकॅनिक विषय शिकवतो आणि मालकांचा जुना परिचय असल्याने त्यांनी मला सल्ला विचारला. आम्ही, म्हणजे मालक, एक अनुभवी मिस्त्री आणि मी, गाडीपाशी उभे राहून पर्यायांचा विचार केला.

गाडी विकून टाकण्याचा पर्याय मालकांनी लगेच बाजूला ठेवला. दोष न सांगता ती दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नाही, आणि सांगितला तर भंगाराचाच भाव येईल, असे त्यांचे म्हणणे होते. टाकी कायम अर्ध्याखाली ठेवून गाडी वापरत राहणे हा दुसरा पर्याय. तो तात्पुरता म्हणून ठीक, दुरुस्ती म्हणून नाही. मिस्त्रींचे मत असे होते की टाकी सरळ उतरवावी, वरचे सगळे पाईप, पंपाचे पॅकिंग आणि टाकीतील वाफ शोषून ठेवणारा कोळशाचा डबा, म्हणजे चारकोल कॅनिस्टर, एकदमच बदलावे आणि विषय संपवावा. वीस वर्षे जुन्या गाडीत हा विचार चुकीचा म्हणता येत नाही, कारण एक रबर गेले तर त्याच वयाचे बाकीचेही जाण्याच्या मार्गावर असते.

तरीही मी टाकी उतरवण्यास विरोध केला. इंधनाची गळती मागे खुणा ठेवते. जिथे पेट्रोल झिरपते तिथली धूळ काळपट, चिकट होते किंवा धुऊन निघते, आणि जिथे झिरपत नाही तिथे ती कोरडी, भुरभुरीत राहते. टाकी उतरवताना हात, पाना आणि चिंध्या या सगळ्या खुणा पुसून टाकतात. त्यानंतर नवे भाग बसवून वास गेलाच, तर कोणत्या भागाने गेला हे कळत नाही, आणि गेला नाही, तर शोधायला काही उरत नाही. म्हणून आधी विचारणे, मग पाहणे, मग तपासणे आणि शेवटी खोलणे, असा क्रम ठरला.

शोध चालू असताना गाडी वापरायची की नाही, हा निर्णय त्याहूनही आधी घ्यायला हवा होता. गाडी रॅम्पवर घेऊन खालून पाहिली. थेंब, ओला पाईप किंवा ओली टाकी कुठेही दिसली नाही. थेंब दिसला असता तर गाडी तिथेच उभी करायची, हे ठरले होते. तो न दिसल्याने शहरातल्या शहरात, अर्ध्याखाली टाकी ठेवून, मुलीला न बसवता वापर चालू ठेवला आणि रात्री गाडी पत्र्याच्या बंद शेडमध्ये न लावता अंगणात उभी करण्यास सांगितले. तपासणीसाठी गॅरेजमधील खड्डाही वापरला नाही. जड वाफ खड्ड्यात साचते आणि साध्या हॅलोजन दिव्याची किंवा स्विचची एक ठिणगी पुरेशी होते. प्रत्येक वेळी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढणे, सीलबंद एलईडी टॉर्च वापरणे आणि ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवणे, यांत सवलत दिली नाही.

विचारपूस आणि पहिल्या तपासण्या

वास केव्हा येतो, हा प्रश्न मी मालकांना आणि त्यांच्या सुनेला वेगवेगळा विचारला. दोघांच्या उत्तरांतून जे हाती आले ते पहिल्या गॅरेजने विचारलेच नव्हते. टाकी पूर्ण भरली की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी वास अधिक असे. टाकी निम्म्यावर आली की तो जवळजवळ नाहीसा होई. घाट चढताना तो वाढे, उतरताना नाही. वेगात असताना मागच्या काचा थोड्या उघड्या ठेवल्या, तर कमी होण्याऐवजी वाढे. आणि मागे बसणाऱ्याला तो आधी येई.

या गोष्टींनी शोधाची जागा बरीच आकुंचित केली. इंजिनाकडची गळती टाकी किती भरली आहे यावर अवलंबून नसते. भरलेल्या टाकीशी आणि चढाशी ज्याचा संबंध आहे, तो दोष टाकीच्या वरच्या भागात असतो. चढावर टाकीतील पेट्रोल मागे सरकते आणि एरवी ज्या नळ्यांत फक्त वाफ असते, त्यांच्या तोंडाशी पातळ पेट्रोल येते.

तरीही इंजिनाची बाजू रीतसर वगळली. ब्लोअर आधी बाहेरची हवा घेणाऱ्या स्थितीत आणि नंतर आतलीच हवा फिरवणाऱ्या स्थितीत चालवला. वासात फरक पडला नाही. इंजिनाकडून वास येत असता, तर पहिल्या स्थितीत तो समोरच्या झडपांतून जोरात आला असता. मग फ्युएल रेलवर, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, दाबमापक लावला. दाब या मॉडेलला लागतो तेवढा, सुमारे तीन बार होता आणि इंजिन बंद केल्यावर अर्ध्या तासानेही काटा फारसा उतरला नव्हता. म्हणजे पंपापासून इंजेक्टरपर्यंतची दाबाची बाजू घट्ट होती, आणि बदललेल्या ओ-रिंगांचा या तक्रारीशी संबंध नव्हता.

यानंतर मागच्या सीटची बैठक उचलली. तिच्याखाली फरशीवर चार स्क्रूंनी बसवलेले पत्र्याचे झाकण असते. ते काढल्यावर टाकीतील पंपाची वरची चकती दिसते. सर्वांचा संशय तिच्या रबरी पॅकिंगवर होता. परंतु चकतीवर वर्षानुवर्षांची तांबूस धूळ जशीच्या तशी बसलेली होती, बोट फिरवले तर कोरडी उडत होती, आणि कडेने फिरवलेला पांढरा टिश्यू कागद ओला झाला नाही. हे पॅकिंग आम्ही तसेच ठेवले. चारकोल कॅनिस्टरची नळी काढून पाहिली, त्यात पातळ पेट्रोल नव्हते. त्याचा पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे साठलेली वाफ इंजिनाकडे सोडणारी विजेवर चालणारी झडप, वीज बंद असताना फुंकर रोखत होता. तोही ठेवला.

गळतीची जागा

आता टाकीत पेट्रोल उतरवणारी जाड रबरी नळी आणि तिच्या बाजूने जाणारी बारीक ब्रीदर नळी, एवढेच उरले. टाकी भरताना आतली हवा याच ब्रीदरमधून बाहेर येते. मागचे डावे चाक आणि मडगार्डच्या आतले प्लॅस्टिकचे आवरण काढले. दोन्ही नळ्यांवर चिखलाचा थर होता, तो कोरड्या ब्रशने काढला. डोळ्यांना दोन्ही नळ्या धडधाकट दिसत होत्या.

मोठ्या वर्कशॉपमध्ये अशा वेळी स्मोक मशीन वापरतात. ती टाकीच्या वाफेच्या मार्गात अगदी कमी दाबाने धूर सोडते आणि भेगेतून धुराची रेघ बाहेर येते. आमच्याकडे ती नव्हती. मिस्त्रींनी दोन्ही नळ्यांवर आणि क्लिपांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरली. जवळच्या पेट्रोल पंपावर टाकी पहिल्या कटपर्यंत, म्हणजे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत, भरून, हळू चालवत गाडी परत आणली आणि मागची बाजू खाली राहील अशी उताराच्या जागेवर, चाकांना ओंडके लावून उभी केली. पंधरा-वीस मिनिटांत ब्रीदरच्या वरच्या वळणावर, क्लिपेच्या अगदी मागे, पावडरमध्ये नखाएवढी अर्धगोल करडी रेघ उमटली आणि हळूहळू रुंदावत गेली. बाकीची पावडर पांढरीशुभ्र राहिली.

गाडी सपाट जागी आणून पेट्रोल कमी केल्यावर ती नळी काढली. हातात सरळ धरली तर भेग दिसत नव्हती, बसवलेली असताना जशी वाकते तशी वाकवली की तिचे तोंड उघडत होते. बाजारी वर्म क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) कोणीतरी प्रमाणाबाहेर आवळली होती आणि तिची कड रबरात रुतली होती. नळी चिरून पाहिली तेव्हा आतला थर फुगलेला किंवा मऊ पडलेला नव्हता. भेगा बाहेरून आत गेलेल्या होत्या. त्यावरून हा दोष मुख्यतः वय, उष्णता आणि चुकीची क्लिप यांचा आहे, इथेनॉलचा नाही, असे माझे मत झाले.

दोष सापडला, तरी प्रश्न शिल्लक

येथे मिस्त्री समाधानी होते. माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय याच टप्प्यावर होता. ब्रीदर नळी गाडीच्या बाहेर, मडगार्डच्या आत असते. तिथे निघालेली वाफ उघड्या हवेत जायला हवी. ती सीटवर बसलेल्या मुलीच्या नाकापर्यंत पोहोचत असेल, तर पत्र्यात कुठेतरी वाट आहे, आणि ती वाट नळी बदलल्याने बुजणार नव्हती. त्याच वाटेने उद्या सायलेन्सरचा धूर आत येऊ शकतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो.

डिकीतील स्टेपनी आणि मॅट काढली. अंधार पडल्यावर एकाने खालून, मडगार्डच्या बाजूने टॉर्च धरला आणि दुसऱ्याने डिकीत डोके घालून पाहिले. फरशीच्या डाव्या कोपऱ्यात दोन ठिकाणी प्रकाश आत आला. एक भोक अंगठा जाईल एवढे, दुसरे त्याहून बारीक. सीएनजी सिलिंडरचा ब्रॅकेट आणि गॅसची नळी यांच्यासाठी पाडलेली ही भोके किट काढताना बंद केलेली नव्हती. मोठ्या भोकात चिंधी कोंबून वर इन्सुलेशन टेप लावलेली होती आणि ती टेप केव्हाच सुटली होती. भेग पडलेल्या नळीपासून हे भोक वीतभर अंतरावर होते. वेगात मागच्या काचा उघडल्या की गाडीच्या आतला दाब किंचित कमी होतो आणि बाहेरची हवा अशा भोकांतून आत ओढली जाते. काच उघडल्यावर वास का वाढे, याचे उत्तर येथे मिळाले.

केलेली दुरुस्ती

ब्रीदर नळी कंपनीचीच, साच्यात वळण दिलेली मागवली. ती येण्यास काही दिवस लागणार होते, तेव्हा मीटरवर मिळणारी सरळ फ्युएल होस कापून लावावी, असा प्रस्ताव आला. तो नाकारला. सरळ नळी त्या वळणावर चिमटते, हवा बाहेर येत नाही आणि पंपावर भरताना नोझल पुन्हा पुन्हा कट होते. भरण्याची जाड नळी अजून शाबूत होती, परंतु वय तेच आणि उघडण्याची मेहनत तीच, म्हणून तीही बदलली. रुतणाऱ्या क्लिपांच्या जागी कड दुमडलेल्या क्लिपा लावल्या.

दोन्ही भोकांच्या कडांवरील गंज घासून काढला, प्रायमर लावला, मापाचे रबरी ग्रोमेट (बुच) बसवले आणि खालून बॉडी सीलंट भरले. वेल्डिंग करून भोक बुजवण्याचा विचार टाकीच्या सान्निध्यामुळे केला नाही. डिकीच्या दाराचे रबर दोन ठिकाणी कडक झाले होते, तेही नवे घातले.

वापराची एक सवयही बदलावी लागली. पंपावर नोझल कट झाल्यानंतर ‘‘काका, राउंड फिगर करू का?’’ असे विचारले जाते आणि मालक दर वेळी हो म्हणत असत. कटनंतर ओतलेले पेट्रोल ब्रीदरमध्ये आणि वाफेच्या नळ्यांत शिरते, आणि कॅनिस्टरपर्यंत गेले तर आतला कोळसा भिजून निकामी होतो. पहिल्या कटला थांबणे त्यांनी मान्य केले.

परिणाम

टाकी पहिल्या कटपर्यंत भरून गाडी काचा बंद करून रात्रभर उभी केली आणि सकाळी दार उघडताच तिघांनी स्वतंत्रपणे वास घेऊन पाहिला. पेट्रोलचा मंद वास होताच. तो डिकीच्या मॅटखालील नमद्यातून येत होता, कारण त्याने कित्येक महिने वाफ शोषली होती. याची कल्पना मालकांना आधीच दिली होती. ती दिली नसती, तर दुरुस्ती फसली असे वाटून पुन्हा खोलाखोल सुरू झाली असती. नमदा आणि मॅट काढून उन्हात टाकल्यावर गाडीतला वास पूर्ण गेला. त्यानंतर भरल्या टाकीने, मागच्या काचा अर्ध्या उघडून यवतेश्वरचा घाट चढण्यात आला. वास आला नाही. नात पुन्हा मागे बसू लागली असून तिला मळमळ झाल्याची तक्रार नाही.

नळ्या, क्लिपा, ग्रोमेट आणि दाराचे रबर यांचा एकत्रित खर्च टाकी उतरवून सर्व काही बदलण्याच्या अंदाजाच्या एका लहान हिश्श्याइतका आला.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या गॅरेजला हा दोष सापडला नाही याचे कारण कौशल्याचा अभाव असे मला वाटत नाही. तेथील माणसाने बॉनेट आधी उघडले आणि प्रश्न नंतरही विचारले नाहीत. वास पुढे येतो की मागे, टाकी भरलेली असताना येतो की रिकामी, एवढे दोन प्रश्न विचारले असते, तर ओ-रिंगांचा खर्च टळला असता आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलीचे त्या हवेतले अनेक तास टळले असते. मालकांनीही पहिल्याच दिवशी तिला मागे बसवणे थांबवायला हवे होते. वास सौम्य आहे म्हणून त्रास सौम्य असेल, असे धरून चालता येत नाही.

मूळ चूक मात्र किट काढणाऱ्याची आहे. सीएनजी किट काढताना सिलिंडर आणि नळ्या मोजून परत घेतल्या जातात, कागद पूर्ण होतात, पण पाडलेल्या भोकांकडे कोणी पाहत नाही. अशी गाडी जुन्या बाजारातून घेणाऱ्याने डिकीची मॅट उचलून फरशी पाहावी, एवढे मी आग्रहाने सांगेन. नोंदणी नूतनीकरणाच्या आधी गाडीची तपासणी करून घेतानाही हे मालकांना पाहून घेता आले असते.

आमच्या पद्धतीतही एक गोष्ट सुधारता येईल. पावडरची परीक्षा स्वस्त आणि खात्रीची असली, तरी तिच्यासाठी गळकी नळी असलेली टाकी मुद्दाम भरावी लागते. स्मोक मशीन उपलब्ध असेल तर ती जोखीम घेण्याचे कारण उरत नाही, आणि पुण्यापर्यंत गाडी न्यावी लागली तरी ती टेम्पोवर लादून न्यावी, असे मी आता सुचवतो.

तपासणीत टाकीपासून पुढे जाणाऱ्या लोखंडी पेट्रोल लाइनवर मागच्या ॲक्सलजवळ वरवरचा गंज दिसला होता. दाबाच्या परीक्षेत ती घट्ट निघाल्याने आत्ता बदललेली नाही. पावसाळा संपल्यावर ती पुन्हा रॅम्पवर पाहायची आणि पंपाच्या चकतीचे पॅकिंगही त्याच वेळी बदलून टाकायचे, अशी नोंद तारखेसह गाडीच्या सर्व्हिस बुकात केली आहे.